विमानप्रवासाचे ‘सुवर्णयुग’ नेमके कोणाचे?

१/
दर काही दिवसांनी समाजमाध्यमांवर एक जुने छायाचित्र फिरू लागते. बोइंग ७४७च्या वरच्या मजल्यावरील दिवाणखाना, रेशमी साडीतील हवाईसुंदरी, चिनीमातीची भांडी, पाय पसरून बसलेले हसतमुख प्रवासी. वर शीर्षक ‘विमानप्रवासाचे सुवर्णयुग’ आणि खाली शेकडो लोकांची हळहळ: काय दिवस होते ते! या धाग्यात त्या हळहळीची उलटतपासणी करायची आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रतिपादन आरंभीच स्पष्ट केलेले बरे. आपण ज्याला सुवर्णयुग म्हणतो ते विमानाच्या एका लहानशा भागाचे चित्र आहे. फर्स्ट क्लास, बिझनेस क्लास, प्रीमियम इकॉनॉमी यांचा इतिहास वरवर सुखसोयींच्या प्रगतीचा वाटतो. बारकाईने पाहिले तर दिसते ते असे की, जेव्हा जेव्हा तिकीट स्वस्त होऊन नवे लोक विमानात आले, तेव्हा तेव्हा आत एक नवा पडदा लागला. आणि आपण इतिहासप्रेमींनी आजवर पडद्याच्या एकाच बाजूचे कागद जपले आहेत.

३/
विमानापूर्वी जहाज होते. मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर वर्गव्यवस्था पक्की होती. वरच्या डेकवर साहेब, त्यांच्या खालच्या दर्जाच्या केबिनींत मध्यम मिळकतीचे प्रवासी. जहाज चालवणारे हात मात्र बहुतांशी भारतीय होते. कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरील खलाशी डेकवर राबत आणि गोव्याचे वाढपी व स्वयंपाकी भोजनगृह सांभाळत. एकाच जहाजातून सारे जात. आठवणींची पुस्तके मात्र वरच्या डेकवाल्यांनीच लिहिली. हे सूत्र लक्षात असू द्या, पुढे ते पुन्हा भेटेल.

४/
जाता जाता एक दंतकथा. इंग्रजीतील ‘पॉश’ हा शब्द याच जहाजांवरून आला असे सांगतात: जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची, म्हणजे सावलीची केबिन घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावर त्या चार अक्षरांचा शिक्का असे म्हणे. असा शिक्का मारलेले तिकीट आजवर कुठेही मिळालेले नाही. ऐषआरामाच्या इतिहासात पुराव्याआधी कहाणी प्रसिद्ध होते, याचा हा चांगला नमुना.

५/
आता विमान. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. प्रवास सुमारे आठवडाभराचा. वाटेत युरोपातला काही टप्पा आगगाडीने आणि रात्री जमिनीवरच्या मुक्कामात. त्या विमानांत वर्ग नव्हते. परंतु याचा अर्थ समता होती असा नव्हे. विमानात जागा इतकी थोडी आणि वजनाची चिंता इतकी मोठी, की सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभे केले जाई. ज्याला भाडे परवडे तोच काट्यापर्यंत पोचे. निवड विमानाच्या दाराबाहेरच झालेली असल्याने आत पडद्याची गरज नव्हती.

६/
आपल्याकडे तर माणसांआधी पत्रे उडाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ जातीचे इवलेसे विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरले. विमानात होते टपालाचे थैले. पुढे ज्या कंपनीची ओळख ‘महाराजा’ ठरली, तिचा आरंभ सामान्यांच्या पत्रांनी झाला, हा तपशील विसरण्याजोगा नाही.

७/
१९३९ साली पॅन अमेरिकन कंपनीने बोइंग ३१४ हे पाण्यावर उतरणारे अजस्र विमान अटलांटिक महासागरावर आणले. निजण्यासाठी बर्थ, स्वतंत्र भोजनकक्ष, टेबलावर शुभ्र चादरी. न्यूयॉर्क-मार्सेय एकेरी भाडे ३७५ डॉलर. गंमत अशी की, त्यातील सर्वांत खास खोली शेपटाकडे होती. पंख्याच्या इंजिनांचा खडखडाट पुढे जास्त जाणवे, म्हणून पुढील काळातही अनेक विमानांत उंची आसने मागे असत. ‘पुढे श्रीमंत, मागे गरीब’ ही आज सनातन वाटणारी रचना जेट इंजिनानंतरची आहे.

८/
८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले नियमित दीर्घपल्ल्याचे आंतरराष्ट्रीय उड्डाण. प्रवासी ३५, त्यांत संस्थानिक मंडळी आणि स्वतः जे. आर. डी. टाटा. देशाला अभिमान वाटावा असाच तो क्षण होता आणि त्या अभिमानाला धक्का लावण्याचा येथे हेतू नाही.

९/
परंतु जाहिरातीतला आकडा पाहा: भाडे १,७२० रुपये. त्याच सुमारास, १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने, मुंबईच्या गिरणी कामगाराचे किमान मूळ वेतन ठरले होते दरमहा ३० रुपये. म्हणजे मूळ वेतनाच्या हिशोबाने हे तिकीट ५७ महिन्यांच्या कमाईएवढे. महागाई भत्ता धरला की आकडा बराच खाली येतो, तरी तो वर्षाच्या आत बसत नाही. गिरणगावाच्या आकाशावरून ते विमान गेले असेल. गिरणगावातून त्यात कोणी बसणे शक्य नव्हते.

१०/
‘मलबार प्रिन्सेस’ची पहिली सफर सर्वांना ठाऊक असते. शेवटची फार थोड्यांना. ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे उतरत असताना हेच विमान आल्प्समधील माँ ब्लां पर्वतावर आदळले आणि आतील ४८ जणांचा अंत झाला. त्या प्रवाशांत मोठ्या संख्येने होते भारतीय खलाशी. पहिल्या उड्डाणातील संस्थानिकांची नावे कौतुकाने सांगितली जातात. शेवटच्या उड्डाणातील खलाशांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? जहाजाच्या खालच्या मजल्यावरचा माणूस विमानात आला, तरी इतिहासात त्याची जागा बदलली नाही.

११/
आता प्रश्न असा की, त्या काळी सेवा इतकी राजेशाही का होती? उत्तर आतिथ्यात कमी आणि अर्थकारणात अधिक सापडते. एप्रिल १९४५ मध्ये हवाना येथे ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय भाडी या संघटनेत एकमताने ठरत आणि सरकारे त्यांना मान्यता देत. कोणत्याही सभासद कंपनीला परस्पर तिकीट स्वस्त करण्याची मुभा नव्हती. किमतीची स्पर्धा बंद झाल्यावर उरली ती ताटाची, पेल्याची आणि खुर्चीची स्पर्धा.

१२/
याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. ज्या शॅम्पेनच्या आठवणीने आज गहिवरून येते, ती बऱ्याच अंशी स्वस्त तिकिटावरील बंदीची भरपाई होती. प्रवाशाला पर्याय दिला असता, तर कित्येकांनी मेजवानी नाकारून कमी भाडे पसंत केले असते. तो पर्याय नियमानेच उपलब्ध नव्हता. सुवर्णयुगाच्या सोन्यात या बंदीचा वाटा किती मोठा होता, हे त्या छायाचित्रांत दिसत नाही.

१३/
ही कोंडी पहिल्यांदा फुटली १ मे १९५२ रोजी. आयाटाने उत्तर अटलांटिक मार्गावर ‘टूरिस्ट’ वर्गाला संमती दिली. न्यूयॉर्क-लंडन जुने एकेरी भाडे ३९५ डॉलर होते; नवे झाले २७०. आसने जवळ आली, जेवण साधे झाले. आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडली: कालपर्यंत जे नुसते ‘विमानाचे तिकीट’ होते, ते आता ‘फर्स्ट क्लास’ झाले. दुसरा वर्ग आला तेव्हाच ‘पहिला’ या शब्दाला अर्थ आला.

१४/
तरीही ‘टूरिस्ट’ म्हणजे सामान्य माणूस नव्हे. १९५२ मध्ये अमेरिकेतील मध्यम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३,९०० डॉलर होते आणि टूरिस्ट वर्गाचे जाऊन-येऊन तिकीट ४८६ डॉलर. एका माणसाच्या प्रवासासाठी साऱ्या कुटुंबाची दीड महिन्याची कमाई. ही स्थिती जगातल्या सर्वांत संपन्न देशाची. भारतात तर विमान पाहायला सांताक्रूझच्या कुंपणापाशी जाणे हाच बहुसंख्यांचा विमानाशी संबंध होता.

१५/
पुढचा टप्पा १९५८ चा आणि त्याची कथा मोठी रंजक आहे. ‘इकॉनॉमी’ हा आणखी स्वस्त वर्ग सुरू झाला आणि त्यात प्रवाशाला काय खायला द्यावे याचाही नियम झाला: सँडविच, तेही साधे, थंड आणि स्वस्त. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने आपल्याकडचे उघडे सँडविच दिले, म्हणजे पावाच्या एका कापावर मांस, मासे, चीज यांचा डोंगर. पॅन अमेरिकन आणि टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपन्यांनी तक्रार केली. सँडविच म्हणजे नेमके काय, यावर लंडनमध्ये गंभीर बैठक बसली. अखेरीस एसएएसला २०,००० डॉलर दंड झाला.

१६/
हसू येते खरे. पण दंड कशाचा होता ते पाहावे. मागच्या माणसाला नियमापेक्षा चांगले जेवण दिल्याचा! येथे आठवतो ज्यूल द्यूपुई हा फ्रेंच अभियंता. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसते, याची मीमांसा त्याने १८४९ मध्येच केली होती. छपराचा खर्च फारसा नसतो. पण दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून तिसऱ्यातला प्रवास मुद्दाम कष्टप्रद ठेवला जातो. गरिबाला दुखवण्याचा हेतू नसतो, श्रीमंताला घाबरवण्याचा असतो. त्रास मात्र गरिबाला होतो.

१७/
रेल्वेचे छप्पर, विमानातले सँडविच आणि आजच्या इकॉनॉमीतील गुडघ्याला टेकणारी पुढची खुर्ची ही एकाच कुळातील भावंडे आहेत. वर्गव्यवस्थेत वरच्याला काय दिले हे जितके महत्त्वाचे, तितकेच खालच्याला काय हेतुपूर्वक दिले नाही हेही. जाहिरातीत पहिली बाजू असते. दुसरी शोधायची तर नियमावल्या, तक्रारी आणि दंडाचे आदेश वाचावे लागतात.

१८/
आता आपल्या ‘महाराजा’कडे. १९४६ मध्ये बॉबी कूका यांनी तो कल्पिला आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेतील चित्रकार उमेश राव यांनी तो कागदावर उतरवला. पीळदार मिशा, पट्ट्यापट्ट्यांचा फेटा, अदबीने लवलेली मान. चित्र म्हणून ती अस्सल प्रतिभेची निर्मिती आहे. त्यातली खोच अशी की, हा महाराजा स्वतः लवतो आणि प्रवाशाला राजा करतो. तिकिटाच्या किमतीत काही तासांचे संस्थान मिळे.

१९/
या राजेशाहीला सांस्कृतिक उंचीही होती, हे मान्य केलेच पाहिजे. एअर इंडियाने १९५० च्या दशकापासून मुंबईच्या तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेतली. बी. प्रभा, वासुदेव गायतोंडे अशांची चित्रे तिच्या संग्रहात आली. १९६७ मध्ये साल्वादोर दाली यांनी कंपनीसाठी रक्षापात्र घडवले आणि मोबदला म्हणून हत्तीचे पिल्लू मागून घेतले! १९६० मध्ये बोइंग ७०७ घेऊन कंपनी जेट युगात आली आणि १९६२ मध्ये केवळ जेट विमाने चालवणारी जगातील पहिली कंपनी ठरली. नवस्वतंत्र, गरीब देशाने जगाच्या बरोबरीने उभे राहण्याची ती भाषा होती.

२०/
एप्रिल १९७१ मध्ये पहिले बोइंग ७४७, ‘सम्राट अशोक’, मुंबईत उतरले. खिडक्यांभोवती झरोक्यांची चित्रे, वर दिवाणखाना, ‘आकाशातला राजवाडा’ अशी जाहिरात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या रद्द झाल्या. जमिनीवरचा महाराजा कायद्याने संपला, त्याच वर्षी आकाशातल्या महाराजाला राजवाडा मिळाला. तोही सरकारी मालकीच्या कंपनीत, कारण विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण १९५३ मध्येच झाले होते. या विरोधाभासावर एखाद्या अभ्यासकाने अवश्य प्रबंध लिहावा.

२१/
तो प्रसिद्ध दिवाणखाना मुळात आला कोठून? ७४७ आखताना अभियंत्यांना वाटत होते की, पुढे हे विमान मालवाहतुकीला लागेल. नाक उघडून माल भरता यावा म्हणून वैमानिकांचा कक्ष वर चढवला गेला आणि त्याच्या मागे कुबडासारखी जागा उरली. तिथे दिवाणखाना थाटला. पुढे प्रवासी वाढताच बहुतेक कंपन्यांनी सोफे उचलून तेथे आसने बसवली. आठवणीत राहिला तो थोडक्या वर्षांचा दिवाणखाना. त्या विमानाचे खरे ऐतिहासिक कार्य खालच्या मजल्यावर चालले होते: शेकडो आसने, आणि त्यामुळे उतरलेले भाडे.

२२/
१९७० च्या दशकात भाड्यांचा बांध फुटू लागला. २६ सप्टेंबर १९७७ रोजी फ्रेडी लेकर यांची ‘स्कायट्रेन’ लंडनहून न्यूयॉर्कला निघाली. एकेरी भाडे ५९ पौंड. १९७८ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत विमानसेवा नियंत्रणमुक्त केली. आता नवीच कुरकुर ऐकू येऊ लागली. पूर्ण भाडे भरणारा व्यापारी आणि सवलतीत आलेला विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. व्यापाऱ्याला प्रश्न पडे: मग मी जास्त पैसे कशाचे भरतो?

२३/
या प्रश्नाचे उत्तर म्हणजे बिझनेस क्लास. १९७८-७९ च्या सुमारास ब्रिटिश एअरवेज, पॅन अमेरिकन, क्वांटास यांनी जवळजवळ एकाच वेळी मधला वर्ग काढला. आरंभी त्यात फार काही वेगळे नव्हते. मुख्य विक्रीचा माल होता शांतता, म्हणजे गर्दीपासूनचे अंतर. स्वस्त तिकीट आधी, पडदा नंतर, हा क्रम पुन्हा एकदा.

२४/
पुढचे थोडक्यात. १९९२ मध्ये तैवानची इव्हा एअर आणि ब्रिटनची व्हर्जिन अटलांटिक यांनी इकॉनॉमी व बिझनेस यांच्या मध्ये आणखी एक वर्ग बसवला. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासला पूर्ण आडवा होणारा बिछाना दिला. २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ए-३८० विमानात दार लावता येणाऱ्या खोल्या आणल्या, तर २००८ मध्ये एमिरेट्सने आकाशात शॉवर. पडद्याची झाली भिंत, भिंतीला आले दार. आज बिझनेस क्लासच इतका सजला आहे की, अनेक कंपन्यांनी फर्स्ट क्लास काढूनच टाकला.

२५/
आता पडद्यामागे चला. १९७० च्या दशकात तेलाच्या पैशाने आखाती देशांत बांधकामांची लाट आली आणि मुंबईहून कामगारांनी भरलेली विमाने उडू लागली. रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून, मुंबईच्या वस्त्यांतून गवंडी, सुतार, वायरमन, वाहनचालक निघाले. कित्येकांचा तो पहिला विमानप्रवास होता. १९८३ च्या कायद्यानुसार कमी शिकलेल्या कामगाराच्या पारपत्रावर परदेशगमन तपासणीची नोंद असे. म्हणजे त्याचा वर्ग विमानात शिरण्याआधी पारपत्रातच लिहिलेला असे.

२६/
आणि मग आले १९९०. २ ऑगस्टला इराकने कुवेतवर आक्रमण केले. अडकलेले भारतीय इराक ओलांडून जॉर्डनची राजधानी अम्मान येथे पोचले. १३ ऑगस्टपासून ५९ दिवसांत ४८८ उड्डाणांनी सुमारे १ लाख ११ हजार लोक मायदेशी आणले गेले. नागरी विमान कंपनीने केलेले आजवरचे सर्वांत मोठे स्थलांतर म्हणून ते नोंदले गेले. ज्यांचा घामाचा पैसा कुवेतच्या बँकांत अडकला होता, अशी माणसे हाती पिशवी घेऊन सहारला उतरली. एअर इंडियाचे सुवर्णयुग निवडायचेच असेल, तर आमच्या मते ते हे ५९ दिवस. त्यात शॅम्पेन नव्हती.

२७/
प्रतिवाद अपेक्षित आहे: ‘पुढचे भरपूर पैसे भरतात म्हणून मागच्यांना स्वस्त तिकीट मिळते.’ यात तथ्य आहे. महामारीपूर्वीच्या आयाटाच्या आकडेवारीत आंतरराष्ट्रीय प्रवाशांपैकी प्रीमियम वर्गातले सुमारे ५ टक्के होते आणि प्रवासी उत्पन्नातला त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के. दीर्घपल्ल्याचे कित्येक मार्ग त्या आसनांवर तगून आहेत. परंतु हिशोबाची दुसरी ओळही वाचावी. आडवा बिछाना इकॉनॉमीच्या कित्येक आसनांची जागा खातो; आणि मागचे शेकडो प्रवासी नसते, तर एवढे मोठे विमान त्या मार्गावर उडालेच नसते. कोण कोणाला पोसते, याचे उत्तर एकेरी नाही.

२८/
दुसरा प्रतिवाद: ‘तेव्हा आसने खरोखर मोठी होती, वागणूक खरोखर चांगली होती.’ होती. आजच्या इकॉनॉमीतील दाटीवाटीवर टीका जरूर व्हावी. पण तुलना समान गोष्टींची हवी. १९४८ चा प्रवासी आजच्या इकॉनॉमीत बसणाऱ्याचा पूर्वज नाही. तो आजच्या बिछान्यावर निजणाऱ्याचा पूर्वज आहे, आणि त्याचे सुवर्णयुग अजून सुरूच आहे. उलट आज मागच्या रांगेत अवघडून बसलेल्या विद्यार्थ्याचे किंवा परिचारिकेचे पूर्वज त्या छायाचित्रात नाहीत. ते तेव्हा कुंपणाबाहेर होते. ‘आपले’ काहीतरी हरवले असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी ते आपले होते का, हे विचारावे.

२९/
हा प्रश्न शेवटी साधनांचा आहे. पुढच्या केबिनीने मागे ठेवलेले अवशेष टिकाऊ आणि देखणे आहेत: मेनूकार्डे, चांदीचे चमचे, भित्तिपत्रके, दालींचे रक्षापात्र. ते लिलावात विकले जातात, संग्रहालयांत मांडले जातात. मागच्या केबिनीचे अवशेष म्हणजे शिक्क्यांनी भरलेले पारपत्र, नोकरीचा करारनामा, घरी पाठवलेली निळी आंतरराष्ट्रीय पत्रे, सामानाला बांधलेल्या चिठ्ठ्या, आवाज भरून पाठवलेल्या ध्वनिफिती. ते पत्र्याच्या ट्रंकेत असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात.

३०/
म्हणून, वाचकहो, एक विनंती. आपल्या घरात, वाडीत, इमारतीत आखातात, आफ्रिकेत किंवा जहाजावर राबून आलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याशी बोला. पहिले उड्डाण कोणत्या साली, तिकिटाचे पैसे कोणाकडून उसने घेतले, विमानात काय खाल्ले, शेजारी कोण होते, उतरल्यावर पहिले काय दिसले, हे विचारा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, कागदांची छायाचित्रे काढा, तारीख व गाव लिहून ठेवा. यासाठी पदवी लागत नाही. उशीर मात्र होत चालला आहे.

३१/
२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली. नवी विमाने येत आहेत, नव्या केबिनी सजत आहेत आणि जुन्या वैभवाच्या आठवणी पुन्हा जागवल्या जात आहेत. जरूर जागवाव्यात. महाराजाची मिशी, गायतोंड्यांचे चित्र, ‘सम्राट अशोक’चे झरोके हा आपला वारसा आहेच. पण माँ ब्लांच्या बर्फात संपलेले खलाशी आणि अम्मानच्या धावपट्टीवर रांगेत उभे राहिलेले गवंडी हेही त्याच कंपनीचे प्रवासी होते. पुढच्या वेळी ते दिवाणखान्याचे छायाचित्र समोर आले, तर पुढे पाठवण्याआधी त्यांची आठवण असू द्यावी.

(धागा समाप्त. आपल्या कुटुंबातील पहिल्या विमानप्रवासाची हकिगत खाली अवश्य लिहा; साल आणि गाव विसरू नका.)